बारा ऑगस्टची मुदत : २०२० चा गणेशोत्सव, चाकरमानी आणि कोकणातली गावे

२०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला, शनिवारी होती. या तारखेपासून मागे मोजत गेले की त्या वर्षी कोकणात पेटलेला वाद समजतो. कोरोनासाठीचे विलगीकरण चौदा दिवसांचे धरले तर चाकरमान्याने, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाने, ७ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत गावात पोहोचायला हवे होते. दहा दिवसांचे धरले तर १२ ऑगस्टपर्यंत. या पाच दिवसांच्या फरकावरून जुलै आणि ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासन, पालकमंत्री, खासदार, आमदार, ग्रामपंचायती आणि मुंबईतली ग्रामस्थ मंडळे एकमेकांसमोर उभी राहिली. निर्णय होईपर्यंत ऑगस्ट उजाडला होता.

हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की महासाथीने राजकारण, प्रवास आणि रोजचे जगणे कसे ढवळले हे वेगवेगळे बघता येत नाही. कोकणातल्या त्या एका महिन्यात तिन्ही गोष्टी एकाच दारात येऊन ठेपल्या होत्या. माझे म्हणणे आधीच सांगतो. विलगीकरणाचा नियम चुकीचा नव्हता. तो उशिरा ठरला आणि तो पाळण्याचा खर्च कोणी उचलायचा हे कोणीच ठरवले नाही. त्यामुळे आरोग्यासाठी केलेला नियम प्रत्यक्षात रजेचा नियम झाला. ज्याला तीन-चार आठवडे काम सोडून राहता येत होते त्याला गणपती मिळाला. बाकीच्यांचा चुकला.

मूळ घर आणि मुंबईतली खोली

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे देशातल्या मोजक्या जिल्ह्यांपैकी, जिथे २००१ ते २०११ या दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. रत्नागिरी सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे आकडे बाकी काही सांगोत न सांगोत, एक गोष्ट नक्की सांगतात. कामाच्या वयाचा पुरुष गावात नाही, तो मुंबईत आहे. गावात आईवडील आहेत, काकी आहे, आणि बरीच कुलूपबंद घरे आहेत.

गिरण्या चालू होत्या तेव्हा हा माणूस लालबाग-परळच्या चाळीत राहायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि पुढची पिढी भांडुप, दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार अशी सरकत गेली. तरी गणपती गावच्या मूळ घरातच राहिला. तीन भाऊ तीन ठिकाणी राहत असले तरी गणपती एकच असतो, तो मूळ घरात बसतो, आणि त्या घरावर प्रत्येकाचा हक्क असतो तसा प्रत्येकाचा वाटाही असतो. यंदा जमत नाही म्हणून पुढच्या वर्षी करू, असे इथे म्हणता येत नाही. श्रावण लागला की गावाहून फोन येतो, ‘गणपतीक येतलंस मां?’ हा प्रश्न खरे तर प्रश्न नसतोच. कोणत्या गाडीने येतोस एवढेच विचारायचे असते.

या नात्याला राजकीय बाजूही आहे. मुंबईतली ग्रामस्थ मंडळे देवळाच्या जीर्णोद्धाराला, शाळेच्या छपराला, पाखाडीला म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेला पैसे देतात, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मुंबईकर मतदार गाड्या भरून आणले जातात. दुसरीकडे मुंबईतल्या मराठी वस्त्यांत शिवसेनेची बांधणी उभी राहिली त्यात कोकणी माणसाचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे चाकरमान्याला दुखावले तर गावातली निवडणूकही बिघडते आणि मुंबईतलीही. २०२० मध्ये राज्यात उद्धव ठाकरे यांचे महाविकास आघाडीचे सरकार होते. सिंधुदुर्गचे पालकमंत्री उदय सामंत, रत्नागिरीचे अनिल परब, दोघेही शिवसेनेचे. परब परिवहनमंत्रीही होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गचे खासदार विनायक राऊत शिवसेनेचेच. समोर भाजपचे राज्यसभा खासदार नारायण राणे आणि कणकवलीचे आमदार नितेश राणे. ठाकरे-राणे वैर कोकणाला नवे नव्हते. आता त्याला चाकरमान्यांचा विषय मिळाला.

भीती कुठून आली

गाववाल्यांनी मुंबईकरांना अडवले, असे त्या वर्षी सरसकट बोलले गेले. ते अर्धेच खरे आहे. भीतीला आधार होता.

९ मार्चला होळी होती आणि त्याच दिवशी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरत होत्या आणि पालखी नाचवायला मुंबईहून आलेली माणसे गावात होती. ती परतली, आणि दोन आठवड्यांत सगळे थांबले. २२ मार्चला जनता संचारबंदी, त्याच रात्रीपासून लोकल आणि प्रवासी गाड्या बंद, पाठोपाठ जिल्ह्यांच्या सीमा बंद, २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे अडकली. हाताला काम नव्हते. एप्रिलमध्ये काही जण चालत निघाले, कोणी महामार्गाने, कोणी कोकण रेल्वेच्या रुळांवरून. १ मेपासून परप्रांतीय मजुरांसाठी श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. राज्यातल्या राज्यात गावी जाणाऱ्याला मात्र ई-पास आणि भाड्याची गाडी एवढाच रस्ता होता, आणि त्या गाडीचे भाडे परवडणारे नव्हते. ही सल चाकरमान्याच्या मनात तेव्हापासूनची.

मे महिन्यात मोठी लाट गावाकडे आली. रायगडातून रत्नागिरीत शिरताना कशेडी घाटात आणि सिंधुदुर्गाच्या वेशीवर खारेपाटणला गाड्यांच्या रांगा लागल्या. डाव्या हातावर शाईचा शिक्का, थर्मल गनने ताप बघणे, नाव-गाव लिहून घेणे, आणि पुढे गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौदा दिवस. शाळांना सुट्टी होतीच. वर्ग रिकामे करून सतरंज्या टाकल्या गेल्या. घरचे लोक डबा आणून फाटकाशी ठेवायचे. शौचालय एकच असायचे आणि पाणी भरून आणावे लागायचे. ज्या शाळेच्या कौलांसाठी मुंबई मंडळाने कधी वर्गणी दिली होती त्याच शाळेत त्यांचीच माणसे बंद होती.

गावकऱ्यांच्या बाजूनेही बघा. तेव्हा दोन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. सुरुवातीला घशातल्या स्रावाचे नमुने मिरजेला पाठवावे लागत आणि अहवाल यायला दिवस जात. प्रकृती बिघडली तर दक्षिण सिंधुदुर्गातला माणूस एरवी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो, पण गोव्याची सीमा बंद होती. अशा गावात साठीच्या पुढची माणसे जास्त, श्वासाचा त्रास असलेली जास्त, आणि जवळचा व्हेंटिलेटर तालुक्याच्या पलीकडे. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले. दापोली-मंडणगडात घरांची छपरे गेली, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. छप्पर शाकारायला मुलगा हवा होता आणि मुलगा आला तर आजार येईल ही भीती होती. एकाच घरात दोन्ही गोष्टी होत्या.

मग २८ जुलैला मुंबईतल्या रक्तचाचणी सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. तीन विभागांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. तज्ज्ञांनी त्याचा अर्थ बऱ्याच जणांना संसर्ग होऊन गेला असा लावला. गावच्या नाक्यावर त्याचा अर्थ वेगळा लागला, मुंबईत निम्म्यांना झालाय. चतुर्थीला तेव्हा साडेतीन आठवडे उरले होते.

तारीख ठरवायची कोणी

गणेश चतुर्थी कधी आहे हे वर्षभर आधी पंचांगात छापलेले असते. कोकणात त्या दिवशी काय होते हे मंत्रालयातल्या प्रत्येकाला माहीत असते. तरीही जून संपेपर्यंत या विषयावर राज्य पातळीवर ठोस काही झाले नाही.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सिंधुदुर्गातल्या बैठकीतून ७ ऑगस्ट आणि १४ दिवस हे आकडे बाहेर आले. गदारोळ उठला. विरोधकांनी चाकरमान्यांची गळचेपी म्हणून टीका केली. पालकमंत्र्यांना अंतिम निर्णय झालेला नाही असा खुलासा करावा लागला. ११ जुलैला गृहविभागाने गणेशोत्सवाची मार्गदर्शक सूचना काढली. सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरगुती दोन फुटांपर्यंत, मिरवणूक नाही, गर्दी नाही. त्याआधीच लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव करण्याचे जाहीर केले होते. मूर्तीची उंची ठरली. माणूस गावी कसा जाणार हे मात्र ठरले नाही.

या मधल्या तीन-चार आठवड्यांत पोकळी कोणी भरली, तर गावाने. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृती दले होती. त्यांत पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशा, अंगणवाडी सेविका, वाडीतले दोन-चार कार्यकर्ते. प्रत्येक ठिकाणी वेगळा ठराव होऊ लागला. कुठे चौदा दिवस, कुठे चाचणीचा कागद, कुठे नियम मोडला तर दंड, कुठे अमुक तारखेनंतर कोणी येऊच नये. कायद्याने पाहिले तर गावबंदीचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. साथरोग कायदा १८९७ चा असो की आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, त्याखालचे आदेश जिल्हाधिकारी काढतात. पण जिल्हाधिकारी ओरोसला किंवा रत्नागिरीत बसतात आणि ठराव फिरतो व्हॉट्सॲपवर. एकाच तालुक्यातल्या शेजारच्या दोन गावांत दोन नियम होते आणि मुंबईतल्या माणसाला आपल्या गावचा नियम कोणता हे कोणाला विचारावे तेच कळत नव्हते.

सरपंचांना दोष देणे मला पटत नाही. त्यांच्या हातात पैसा नव्हता, पोलीस नव्हते, डॉक्टर नव्हता. जबाबदारी तेवढी होती. नियम कडक केला तर मुंबईकर भाऊबंद दुखावणार. सैल केला आणि वाडीत कोणी दगावले तर आयुष्यभर त्याच वाडीत राहायचे. जो निर्णय मंत्र्यांना एकत्र बसून महिनाभर घेता आला नाही तो त्यांनी समाजमंदिरात बसून दोन तासांत घ्यावा, अशी ती अपेक्षा होती.

शेवटी ४ ऑगस्टला अनिल परब यांनी निर्णय जाहीर केला. विलगीकरण दहा दिवस. १२ ऑगस्टपर्यंत गावात पोहोचावे. त्यानंतर येणाऱ्याने निघण्याआधी ४८ तासांत चाचणी करून निगेटिव्ह अहवाल सोबत ठेवावा. एसटीने जाणाऱ्याला ई-पास लागणार नाही, बावीस जणांनी मिळून आरक्षण केले तर गाडी थेट गावापर्यंत जाईल. खासगी वाहनाला मात्र ई-पास हवाच. ४ ते १२ ऑगस्ट. मध्ये आठ दिवस.

रजेचे गणित

धरून चालू की दिव्यात राहणारे एक कुटुंब आहे. नवरा खासगी कंपनीत शिपाई, बायको रुग्णालयात आया, दोन मुले, आणि गाव देवगड तालुक्यात. ४ तारखेला निर्णय कळला. १२ तारखेच्या आत पोहोचायचे तर ८-१० तारखेला निघायला हवे. दहा दिवस विलगीकरण, मग २२ ला गणपती. गौरी २५ ला आल्या, २७ ला गौरी-गणपतीचे विसर्जन. परतीला एक-दोन दिवस. म्हणजे साधारण तीन आठवडे सलग रजा. अकरा दिवसांचा गणपती असेल तर अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला, म्हणजे रजा जवळजवळ चार आठवड्यांची.

एरवी हाच माणूस पाच-सहा दिवसांची रजा काढून जाऊन येतो. त्या ऑगस्टमध्ये मुंबईतली कामे नुकतीच सुरू होत होती. मार्चपासून अर्धा पगार घेतलेल्या माणसाने, कामावर परत बोलावले त्याच महिन्यात, तीन आठवडे सुट्टी मागायची? आणि आया, परिचारिका, पोलीस, बेस्टचा वाहक, महापालिकेचा सफाई कामगार यांना तर सुट्टी मिळणेच शक्य नव्हते. मुंबईच्या अत्यावश्यक सेवांत कोकणातली माणसे किती आहेत हे मुंबईत राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. १५ जूनपासून लोकल सुरू झाली होती ती याच माणसांसाठी. शहर चालू ठेवणाऱ्यांनाच घरचा गणपती बघता येणार नव्हता.

दुसरा मार्ग होता चाचणीचा. ऑगस्टमध्ये राज्याने खासगी प्रयोगशाळांतल्या आरटी-पीसीआर चाचणीचे दर १,९०० ते २,५०० रुपयांवर आणले. जूनमधल्या दरापेक्षा हे कमी होते, पण चार माणसांच्या घराला आठ ते दहा हजार रुपये नुसत्या कागदाचे. त्यात ४८ तासांची अट. अहवाल येण्यातच एक-दीड दिवस जाणार, मग उरलेल्या वेळात अर्धवट रुंदीकरण झालेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून खारेपाटण गाठायचे.

उलट ज्याची नोकरीच गेली होती, ज्याची खोली भाड्याची होती आणि ती सोडून तो मे महिन्यातच गावी आला होता, त्याला यातले काहीच करावे लागले नाही. कितीतरी वर्षांनी असे लोक पूर्ण गणपतीभर गावात होते. भातलावणीलाही होते. त्या वर्षी पडीक राहिलेली शेते पुन्हा कसली गेली, हे गावोगावी ऐकायला मिळत होते, आणि त्यामागे काय गमावले गेले होते हेही सगळ्यांना ठाऊक होते.

सरकारला यावर काही करता आले असते का? मला वाटते, आले असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हेच दहा दिवस आणि हीच १२ ऑगस्ट जाहीर झाली असती तर लोकांना रजेसाठी पाच-सहा आठवडे मिळाले असते. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी फुकट चाचणी आणि दीड-दोन दिवसांची ये-जा अशी वेगळी सोय करता आली असती. विलगीकरणाचे दिवस भरपगारी रजेत धरायला मोठ्या आस्थापनांना सांगता आले असते. यातले काहीही गावावर धोका वाढवणारे नव्हते.

एसटी, रेल्वे आणि ई-पास

प्रवासाच्या बाबतीत विसंगती एकावर एक साचत गेल्या. केंद्राने २९ जुलैच्या सूचनांत म्हटले होते की राज्यांतर्गत प्रवासाला वेगळी परवानगी किंवा ई-परवाना लागू नये. महाराष्ट्राने ई-पास चालू ठेवला. पासासाठी अर्ज नामंजूर होत, कारण कळत नसे, आणि या अडचणीवर दलाल पैसे कमवू लागले. बनावट पास विकणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हेही नोंदवले.

रेल्वेचे तर विचारूच नका. एरवी गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण उघडले की मिनिटांत भरते. त्या वर्षी गाड्या सोडायच्या की नाही याच प्रश्नावर ऑगस्टचा पहिला पंधरवडा गेला. राज्य आणि रेल्वे यांनी एकमेकांकडे बोट दाखवले, आणि शेवटी १५ ऑगस्टपासून सीएसएमटी आणि लोकमान्य टिळक टर्मिनसहून रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीपर्यंत विशेष गाड्या सुटल्या. मध्य रेल्वेने जाहीर केलेल्या फेऱ्या १६२. त्याच सुमारास, ६ ऑगस्टला, पेडणे बोगद्याची भिंत कोसळून गोव्याकडचा मार्ग बंद पडला होता, पण सावंतवाडी त्याच्या अलीकडे असल्याने गणपतीच्या गाड्यांना ती अडचण नव्हती. अडचण साधी होती. १२ तारखेची मुदत संपल्यानंतर तीन दिवसांनी पहिली गाडी सुटली. तिच्यात बसणाऱ्या प्रत्येकाला चाचणीचा अहवाल हवा होता. बऱ्याच फेऱ्यांत डबे रिकामे गेले. ज्या गाड्यांसाठी दरवर्षी माणसे दाराला लटकतात त्या रिकाम्या धावल्या, आणि माणसे दिव्यात, विरारमध्ये घरी बसून राहिली.

पुढचे दिवस आणखी गोंधळाचे. २० ऑगस्टला, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, एसटीची आंतरजिल्हा वाहतूक सर्वांसाठी खुली झाली आणि तिला ई-पास नको होता. स्वतःच्या गाडीत चौघे घरचे जाणार असतील तर पास हवा, अनोळखी वीस जणांसोबत बसने गेलात तर नको. २२ ऑगस्टला, नेमक्या चतुर्थीच्या दिवशी, केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांना पत्र लिहून प्रवासावरचे निर्बंध काढायला सांगितले. राज्याने ई-पास रद्द केला तो २ सप्टेंबरपासून. अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला होती. अकरा दिवसांचा गणपती विसर्जित झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला.

त्या वर्षीचा गणपती

ज्या घरांत मुंबईकर आले नाहीत तिथेही गणपती बसले. शेजाऱ्याने किल्ली घेतली, घर झाडले, गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, मूर्ती आणली, भटजींनी एका घरातून दुसऱ्या घरी जायचे कमी केले आणि काहींनी मोबाइलवरून पूजा सांगितली. माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला, नारळ, सुपारीची शिपटी, तवसे, कवंडाळे बांधायला हात कमी होते, म्हणून ती लहान झाली. दीड दिवसात विसर्जन करणाऱ्यांची संख्या वाढली. जिथे पाच दिवस, सात दिवस ठेवायची रीत होती तिथेही घरातल्या थोरल्यांनी देवापुढे गाऱ्हाणे घालून यंदापुरती सूट मागितली. कोकणातल्या गाऱ्हाण्याला अशी सोय आहे. चूकभूल पदरात घे म्हणून देवाला सांगता येते.

सर्वात जास्त चुकले ते वाडीची आरती. रोज रात्री टाळ-मृदंग घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात जायचे, प्रत्येक ठिकाणी आरती म्हणायची, काळ्या वाटाण्याची उसळ किंवा चहा घ्यायचा, पुढे निघायचे. रात्री दोन-दोन वाजतात. भजने, फुगड्या, जाखडी सगळे बंद. वर्षभर ज्यांच्याशी बांधावरून भांडण असते त्यांच्याही घरात आरतीला जावे लागते, आणि म्हणून ही फेरी गावाच्या दृष्टीने देवपूजेपेक्षाही मोलाची. त्या वर्षी प्रत्येक घराने आपापली आरती म्हटली. व्हिडिओ कॉलवर मुंबईची मंडळी टाळ्या वाजवत होती, पण नेटवर्क तुटले की आरती अर्धवट राहायची.

सप्टेंबरमध्ये दोन्ही जिल्ह्यांत रुग्ण वाढले. गणपतीला आलेल्यांनी आणले, असे लगेच बोलले गेले. हे सिद्ध करणे सोपे नाही, कारण त्याच महिन्यात अख्ख्या राज्यातली पहिली लाट टोकाला पोहोचली होती आणि जिथे एकही चाकरमानी जात नाही अशा जिल्ह्यांतही आकडे चढत होते. पण वाडीत जे नाव एकदा घेतले जाते ते राहते. काही घरांत भावाभावांत पडलेले अंतर पुढच्या शिमग्यापर्यंत टिकले.

सीमेपलीकडचे

याच काळात दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा भागातल्या तरुणांची उलटी अडचण होती. ते रोज दुचाकीवरून पत्रादेवीच्या नाक्यावरून गोव्यात कामाला जातात. औषध कंपन्यांत, हॉटेलांत, दुकानांत. गोव्याने सीमा बंद ठेवली तेव्हा आत यायला चाचणी, निगेटिव्ह अहवाल किंवा चौदा दिवस घरात राहणे असे पर्याय होते. रोज ये-जा करणाऱ्याला यातला एकही उपयोगाचा नाही. १ सप्टेंबरपासून गोव्याने सीमा खुल्या केल्या. सिंधुदुर्गातला माणूस एकाच वेळी मुंबईकराला अडवत होता आणि गोव्याच्या दारात अडत होता. या गावांना तेव्हा दोन्ही बाजू कळल्या.

राजकारणाने काय उचलले

त्याच जुलैत आणखी एक वाद चालू होता. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका साथीमुळे लांबल्या आणि तिथे पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने योग्य व्यक्तीला प्रशासक नेमण्याचा निर्णय सरकारने काढला. विरोधकांनी, सरपंच संघटनांनी हरकत घेतली आणि उच्च न्यायालयाने शासकीय अधिकारीच नेमण्याचा अंतरिम आदेश दिला. राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका अखेर जाहीर झाल्या आणि बहुतेक ठिकाणी मतदान १५ जानेवारी २०२१ ला झाले. कोकणातल्या ज्या गावांत मतदान होते तिथे मुंबईहून मतदार आणायच्या गाड्या पुन्हा निघाल्या. पाच महिन्यांपूर्वी ज्यांना येऊ नका म्हणून सांगितले होते त्यांनाच या म्हणून फोन गेले. मतदानाला येणाऱ्याला कोणी दहा दिवस शाळेत ठेवले नाही.

पुढच्या वर्षी चतुर्थी १० सप्टेंबरला होती. चाकरमान्यांचा प्रवास कोण करून देतो, यावरच स्पर्धा लागली. नितेश राणे यांनी ७ सप्टेंबर २०२१ ला दादरहून सावंतवाडीला ‘मोदी एक्स्प्रेस’ नावाने गाडी सोडली, प्रवास आणि जेवण फुकट. शिवसेनेच्या शाखांनी एसटीच्या गाड्या भरल्या. तेव्हापासून गणपतीला पक्षाच्या फलकाखाली गावी जाणे नेहमीचे झाले आहे. मला यात लोकांची चूक दिसत नाही. आदल्या वर्षी हक्काचे तिकीट मिळाले नव्हते, या वर्षी उपकाराचे मिळाले तर ते घेणारच. पण १९९८ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेवर, ज्यासाठी इथल्या लोकांनी जमिनी दिल्या, गणपतीची जागा नेत्याच्या कृपेने मिळावी हे मला खुपते.

आणि ज्यांनी त्या ऑगस्टमध्ये दारोदार जाऊन शिक्के तपासले, ताप मोजला, अर्सेनिकम अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्या वाटल्या, शाळेतल्या माणसांची रोजची नोंद ठेवली, त्या आशा सेविकांना २०२१ च्या १५ जूनला संपावर जावे लागले. राज्यभरातल्या सुमारे ७० हजार जणी होत्या. आठवड्याभराने संप मिटला तेव्हा महिन्याला हजार रुपये मानधनवाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला.